माजघरातला घनपाठी

मुंबईत जी वस्तू जुनी होते ती कोकणातल्या घरी रुजू होते. सोफ्याचा हात निखळला, कपाटाचं दार लागेनासं झालं, मिक्सरचा आवाज शेजाऱ्यांना खुपू लागला, की चाकरमानी ती वस्तू टेम्पोत घालतो आणि महामार्गाचे खड्डे चुकवत गावी आणून पोचवतो. टाकून दिल्याचं पाप लागत नाही आणि गावच्या घराला काहीतरी दिल्याचं समाधानही मिळतं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या वस्तूंमध्ये संगणकांची भर पडली आहे. संगमेश्वर तालुक्यात कुणाच्याही माळ्यावर चढा, भाताच्या कणगीशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला एखादा डेस्कटॉप हटकून सापडेल.

आमच्याकडे असाच आलेला एक संगणक माळ्यावर न जाता माजघरात बसला आहे. मॉनिटर केव्हाच गेला, कीबोर्ड लागत नाही. उरलं ते खोकं, ज्याला आपल्याकडे सगळेच सीपीयू म्हणतात. त्याला काम एकच. हार्ड डिस्कवर घरातलं सगळं गाणं आहे, ते मागणाऱ्याला द्यायचं. मागणारा बाहेर पडवीत असतो: वहीएवढी एक डबी, जुन्या अँप्लिफायरला जोडलेली. दोघांमध्ये वाशांवरून नेलेली एक लॅन केबल. फोनवर गाणं निवडलं की डबी माजघराकडे मागणी करते, माजघरातून आकडे येतात आणि डबी त्यांचा आवाज करते. ठेवणारा वेगळा, वाजवणारा वेगळा.

केबल कशाला, वायफाय नाही का, असं पाहुणे विचारतात. चिऱ्याच्या भिंती जाड, आणि जून ते सप्टेंबर त्या ओल धरून असतात. ओल्या भिंतीतून वायफाय जाता जाता दमतं. शिवाय केबलीचा एक गुण असा, की तिच्या दोन्ही टोकांना छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे दोन यंत्रांची विजेची थेट गाठ पडत नाही. जुन्या घरांत अर्थिंगचा भरवसा नसतो. संगणक सरळ अँप्लिफायरला जोडला तर स्पीकरातून ५० हर्ट्‌झची गुणगुण सुरू होते. गवयानं षड्ज कुठलाही लावावा, ती आपल्या जागेवरून हलत नाही. लॅन केबल मध्ये घातली की गुणगुण आणि पंख्याची घरघर दोन्ही माजघरात राहतात. वळवाचा पाऊस आला, वीज कडाडू लागली, की मात्र सगळे प्लग काढायचे. हा नियम संगीताहून जुना आहे.

ठेवणारा आणि वाजवणारा यांची ही फारकत दिसते तितकी साधी नाही. १९०२ साली कोलकात्यात गौहरजाननं कर्ण्यात तोंड घालून गाणं भरलं, तेव्हापासून कॅसेटपर्यंत साठा आणि नाद एकमेकांना टेकूनच असत. सुई खाचेतून घासत जाई तोच आवाज होई. म्हणजे प्रत्येक ऐकण्यानं तबकडी थोडी झिजे, ऐकणं आणि संपवणं एकाच क्रियेत चाले. ज्या घरात बालगंधर्वांची एखादी तबकडी फार आवडती असे, तिथं तीच सगळ्यांत खरखरीत असे. प्रेमाची खूण वस्तूवर उमटत होती. माजघरातल्या फाइलला ऐकल्याचा पत्ताही लागत नाही.

आता केबल ओढून पाहावी. गाणं थांबत नाही. आणखी काही सेकंद आलाप चालूच राहतो, मग तुटतो. डबीनं पुढचे काही क्षण आधीच मागून आपल्याकडे ठेवलेले असतात. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे एका सेकंदात ४४,१०० वेळा घेतलेलं माप, दोन बाजूंचं मिळून चौदा लाखांहून अधिक बिट. हे आकडे केबलीतून झुंडीझुंडीनं येतात, मध्येच खोळंबतात, पुन्हा धावत येतात. लय त्यांच्यात नसते. लय डबीतल्या स्फटिकाच्या घड्याळात असते. तेच ठरवतं की पुढचं माप केव्हा वाजवायचं. संगणकाकडे संगीत आहे, काळ नाही. विलंबित एकताल आणि द्रुत तीनताल यांतला फरक त्याला कळायची गरजही नाही, कारण मागेल तेवढं द्यायचं एवढंच त्याला ठाऊक. काळ वाजवणाऱ्याचा असतो, ही गोष्ट कुठल्याही तबलजीनं संगणकाशिवाय सांगितली असती. पण दोन खोल्यांत दोन डब्या लावून एकच गाणं सुरू केलं, की ती कानानं पटते. अशा डब्यांतल्या साध्या स्फटिकांत दहा लाखांत पन्नास भागांचा फरक सहज असू शकतो, आणि तेवढ्यानं तासाभरात दोघांमध्ये जवळजवळ एक पंचमांश सेकंदाचं अंतर पडतं. आधी सूर जाड होतो, मग प्रतिध्वनी ऐकू येतो, शेवटी दोन केसरबाई दोन खोल्यांत गाऊ लागतात. म्हणून सर्व्हरला, म्हणजे माजघरातल्या संगणकाला, अधूनमधून एकाला किंचित थोपवावं लागतं.

सर्व्हरनं साठा ठेवायचा तर त्याला नावनिशी हवी, आणि इथं या सगळ्या व्यवस्थेचं परकेपण उघडं पडतं. फाइलीच्या माथ्यावर ठरलेले रकाने असतात: गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम, साल, प्रकार. समोर ‘स्वयंवर’ नाटकातलं एक पद घ्या. नाटक १९१६ चं, शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, गळा बालगंधर्वांचा. रुक्मिणी गाते आहे की नारायण श्रीपाद राजहंस गात आहेत, हा प्रश्न तर सोडूनच द्या. कलाकार कोण? तबकडी साडेतीन मिनिटांची आणि सुटी, मग अल्बम कोणता? साल नाटकाचं की ध्वनिमुद्रणाचं? राग कुठे लिहायचा? तो ‘प्रकार’ या रकान्यात कोंबला तर यंत्र त्याला ‘पॉप’ आणि ‘जॅझ’ यांच्या पंक्तीला बसवतं. तबला-हार्मोनियम कुणाची, यासाठी जागाच नाही, आणि आपल्याकडे साथीदारावरून मैफल ओळखणारे लोक आहेत.

लिपीचा हिशेब आणखी गमतीचा. एमपी३ फाइलीच्या जुन्या नावनिशीत गाण्याचं नाव, कलाकार आणि अल्बम या रकान्यांना प्रत्येकी तीस खाने असत. रोमन अक्षराला एक खाना पुरतो, पण आज चालणाऱ्या सांकेतिक पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजून. ‘बालगंधर्व’ बरोब्बर सत्तावीस खान्यांत बसतात. केसरबाई केरकर बसत नाहीत. ‘केसरबाई के’ इथवर येऊन पुढचं अक्षर अर्धवट तुटतं आणि पडद्यावर एक चौकोन दिसतो. नव्या पद्धतीत ही अडचण गेली. पण जुन्या सीडींवरून उतरवलेल्या फाइलींत ते चौकोन अजून आहेत. आणि ‘बालगंधर्व’ एकदा सलग आणि एकदा तोडून लिहिले गेले, तर सर्व्हर बिनदिक्कत दोन वेगळी माणसं उभी करतो.

हे सगळं दुरुस्त करायला पावसाळा बरा असतो. विहिरीवर जायचं नसतं, बागेत काही करता येत नाही, शास्त्री आणि सोनवी फुगून गढूळ वाहत असतात. संगमेश्वर म्हटलं की बाहेरच्या माणसाला संभाजीराजे पकडले गेले ते १६८९ आठवतं, फार तर कसब्याचं कर्णेश्वर. इथं राहणाऱ्याला आधी पाऊस आठवतो. अशा दिवसांत एकेका पदाचे रकाने भरताना मी स्वरयोजना करणाऱ्याच्या जागी भास्करबुवांचं नाव घालत गेलो, आणि मग कुतूहल म्हणून तेच नाव शोधलं. यादी आली. यादीतल्या एकाही गाण्यात बुवांचा आवाज नव्हता.

तो कुठेच नाही. १९२२ साली बुवा गेले. बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तिघांची विद्या एका गळ्यात मुरवलेला हा गवई. १९११ साली पुण्यात भारत गायन समाज त्यांनीच काढला. बुवा गेले तेव्हा ध्वनिमुद्रण येऊन वीस वर्षं झाली होती, पण बुवांचा गळा तबकडीवर उतरला नाही. अल्लादिया खाँसाहेब तर १९४६ पर्यंत होते. त्यांच्याही गाण्याची तबकडी बाजारात आली नाही. गेल्या शतकातलं निम्मं मराठी गाणं या दोघांच्या अंगणातून गेलेलं असताना सर्व्हरच्या लेखी दोघेही शून्य बिट. तरी बुवांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांनी एखादी जागा अशी काही घेतली, खाँसाहेबांच्या शिष्या मोगूबाई यांनी एखादी तान अशी काही वळवली, की जुने ऐकणारे मान डोलावून म्हणत, हे बुवांचं, हे खाँसाहेबांचं. म्हणजे साठवण झाली होती, फक्त ती माणसांत झाली होती.

या दोन साठवणींचे स्वभाव उलटे आहेत, आणि माजघरातल्या खोक्यानं ते मला शेजारी शेजारी ठेवून दाखवले. माझ्या बहुतेक फाइली फ्लॅक या पद्धतीच्या आहेत. २००१ पासून ती सगळ्यांना मोफत खुली आहे. आवाजाचे आकडे ती घडी घालून जवळजवळ निम्म्या जागेत ठेवते आणि उलगडताना एकही आकडा हरवू देत नाही. एमपी३ तसं करत नाही. कानाला ऐकू येणार नाही असं तिला जे वाटतं ते ती टाकून देते, आणि फार कमी आकारात कोंबली तर तानपुऱ्याच्या जवारीचं तेज पहिलं जातं. फ्लॅक आणखी एक करते. मूळ आवाजाच्या सगळ्या आकड्यांवरून काढलेली १२८ बिटांची एक खूण ती फाइलीच्या माथ्यावर लिहून ठेवते. दहा वर्षांनी तीच आकडेमोड पुन्हा करायची. खूण जुळली तर गाणं शाबूत. एक बिट पालटला तरी ती जुळत नाही.

हे वाचलं तेव्हा मला वेदपाठशाळा आठवल्या. संहिता पाठ झाली एवढ्यावर आपल्या पूर्वजांचं भागलं नाही. पदं सुटी केली, मग क्रम, मग जटा, मग घन. घनपाठात पहिलं-दुसरं पद म्हणायचं, उलटून दुसरं-पहिलं, मग पहिलं-दुसरं-तिसरं, पुन्हा उलटं तिसरं-दुसरं-पहिलं, पुन्हा सुलटं, आणि मग एक पद पुढं सरकून सगळं पहिल्यापासून. अर्थाच्या दृष्टीनं उलट्या फेरीत काहीच हाती लागत नाही. पण एखादा स्वर घसरला, एखादं पद गळलं, तर ते या जाळ्यातून निसटत नाही. लिहून ठेवण्यावर विश्वास नसलेल्या लोकांनी माणसाच्या जिभेवर केलेली ही आकडेमोड आहे. घनपाठी आणि फ्लॅक फाइल यांना एकच गोष्ट हवी असते: काही बदलू नये.

गवयाला नेमकं हेच नको असतं. गुरूची चीज जशीच्या तशी उतरवणाऱ्या शिष्याला दाद मिळते, पण ती गुरूच्या आठवणीला. त्याच्या स्वतःच्या गाण्याची मोजणी चीज कुठं वळवली तिथून सुरू होते. म्हणून गायकीत चूक पकडणारी जाळी कुणी विणली नाही. विष्णू नारायण भातखंड्यांनी चिजा गोळा करून स्वरलिपीत बांधल्या, क्रमिक पुस्तकांचे सहा भाग काढले, आणि आपले त्यांच्यावर मोठे उपकार आहेत. तरी त्या पुस्तकांवरून गाणं उभं राहत नाही आणि राहावं असं त्यांनाही वाटलं नसेल. ख्यालाला स्मरणाबरोबर थोडं विस्मरणही लागतं.

मग रोज संध्याकाळी पडवीत जे वाजतं ते काय? अब्दुल करीम खाँसाहेबांची साडेतीन मिनिटांची ठुमरी शंभर वेळा ऐकली, तर शंभर वेळा ती तीच येते. श्वाससुद्धा त्याच जागी. ज्या कलेचा प्राण बदलण्यात होता तिच्यातला एक क्षण आपण घनपाठ्याच्या स्वाधीन केला आहे. याचं मला दुःख नाही. पण त्याचा परिणाम होतो. ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक अशी छप्पन्न गीतं घेऊन आलं, तेव्हा त्यात अनेक गळे होते: माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे आणि इतरही कितीतरी. पुढं सुधीर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातल्या तबकड्या आल्या आणि घरोघर गेल्या. बाबूजींच्या गाण्याबद्दल कोण काय बोलणार? तरी आज बहुतेकांच्या कानात ‘गीतरामायण’ म्हणजे एकच गळा आहे. प्रत मूळ गोष्ट टिकवते आणि तिची इतर रूपं मागं ढकलते, दोन्ही एकदमच.

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, फोनवरच्या ॲपवर सगळं मिळतं. मिळतं खरं. पण तिथला साठा आपला नसतो, आणि परका साठा कुणाच्या तरी मर्जीनं चालतो. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि १९५२ नंतर चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. देशानं काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करावी लागली. केसकर रसिक होते, मराठी होते, शास्त्रीय संगीताच्या भल्यासाठीच करत होते. ॲपवरचं गाणं एका सकाळी नाहीसं होतं तेव्हा तेवढीही तात्त्विक भूमिका नसते, कुठलातरी करार संपलेला असतो. घरात डब्या लावायची ही पद्धत रुळवणाऱ्यांत स्लिम डिव्हायसेस नावाची छोटी कंपनी होती. २००६ मध्ये ती लॉजिटेकनं घेतली, २०१२ मध्ये त्या डब्यांचं उत्पादन थांबलं, आणि २०२४ मध्ये त्यांची इंटरनेटवरची सेवाही बंद झाली. ज्यांच्या घरी स्वतःचा सर्व्हर होता त्यांच्या डब्या वाजत राहिल्या. तो सर्व्हरचा प्रोग्राम खुला होता. हौशी लोक तो नवं नाव देऊन आजही चालवतात.

त्याच २०१२ मध्ये व्हॉयेजर-१ सूर्याच्या वाऱ्याची हद्द ओलांडून पलीकडे गेलं. त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, आणि तबकडीवर केसरबाईंची भैरवी. गाणं भरून देण्याबाबत अतिशय चोखंदळ असलेल्या या बाई १९७७ च्या सप्टेंबरात गेल्या, यान उडालं त्याच महिन्यात. तबकडीच्या वेष्टणावर ती कशी वाजवायची याची चित्रं कोरली आहेत, सुईसुद्धा सोबत दिली आहे. हे पाठवणारे शहाणे होते. नुसता साठा पाठवून भागत नाही, वाजवणारा हरवलेला असेल हे धरून चालावं लागतं.

खोक्याच्या साठवणीचा दोष तिच्या गुणातच आहे. माणसातलं गाणं झिजतं, गळतं, भलतीकडे वळतं, पण एकदम मरत नाही. हार्ड डिस्क शेवटच्या दिवसापर्यंत बिनचूक असते आणि एका सकाळी टकटक आवाज करून सगळ्यासकट जाते. पाण्याचंही तसंच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली तेव्हा १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी भरलं आणि पुस्तकांचा लगदा झाला. आमच्या संगमेश्वरच्या बाजारपेठेलाही शास्त्रीचं पाणी नवं नाही. घनपाठ्यांना हे कळलं होतं. एकच पाठशाळा कधी ठेवली नाही, अनेक गावी अनेक ठेवल्या. माझी दुसरी डिस्क सह्याद्रीच्या पलीकडे पुण्यात असते आणि गणपतीला गावी येऊन ताजी होऊन जाते.

तिच्यावर सगळ्यांत मौल्यवान काय, असं विचारलं तर मी केसरबाई म्हणणार नाही. केसरबाई जगभर आहेत, जगाबाहेरही आहेत. मौल्यवान आहेत त्या नमनाच्या आणि जाखडीच्या कॅसेटी. टेपरेकॉर्डर अंगणात खुर्चीवर ठेवून भरलेल्या, मृदंग फार जवळ आणि गाणारा फार लांब, मध्ये कुत्रं भुंकतं, कुणीतरी कुणाला चहाला हाक मारतं. गण, गवळण, मग संकासुर आल्यावर पोरांचा गलका. यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. कॅसेटीची फीत आमच्या हवेत बुरशी धरते, म्हणून त्या आधी उतरवून घेतल्या. रकाने भरताना ‘कलाकार’ या जागी वाडीचं नाव लिहिलं. दुसरं काही लिहिणं खोटं झालं असतं.

वाडीतली मुलं आता त्या फाइली फोनवर घेऊन मुंबईला जातात, खोलीवर तालीम करतात आणि शिमग्याला येऊन म्हणतात. एका शिमग्याला त्यांनी आपलं रेकॉर्डिंग आणून दिलं. गण तोच, पण दुसऱ्या कडव्याची उठावणी वेगळी, लय चढी, आणि एका ओळीत चक्क कोकण रेल्वे आली आहे. जुन्या कॅसेटीत गाणाऱ्यांपैकी एक म्हातारे पडवीत बसून ते ऐकत होते. त्यांचं मत पडलं, की हे चुकीचं आहे, पण बरं आहे. एका मुलानं सुचवलं, जुनं काढून टाका, आता असंच म्हणतात. दुसऱ्यानं नेमकं उलटं सुचवलं. मी दोन्ही ठेवली आहेत. शोधलं की एकाखाली एक येतात, नाव एकच, साल वेगळं. आधी कुठलं लावायचं हे ज्याच्या हातात फोन असेल तो ठरवतो, आणि त्यावरून अजून भांडणं होतात.